बाळाने मिळवलेली रजा

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मला आठवा महिना लागला, तेव्हा सासूबाईंना घेऊन मी जामखेडच्या आमच्या कॉलेजात रजा मागायला गेले. प्राचार्य गोंधळले.

"बाळंतपणाची रजा प्राध्यापिकांना असते. विद्यार्थिनीला दिल्याचं ऐकलं नाही. बाळाचं परीक्षेनंतर नाही का जमणार?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मला न्हाई सांगता यायचं, सर. तुमीच इचारा त्याला."

सरांनी खरंच चष्मा सावरला आणि माझ्या पोटाकडे बघून घसा खाकरला. तेवढ्यात आतून अशी लाथ बसली की मी "आई गं!" म्हणून ओरडलेच.

सर खुर्चीतून ताडकन उठले. "दिली, दिली रजा!"

लेक परीक्षेआधीच झाली. मी पेपर लिहीत होते तेव्हा सासूबाई तिला मांडीवर घेऊन कॉलेजच्या व्हरांड्यात बसल्या होत्या, आणि प्राचार्य तिच्यापुढे किल्ल्यांचा जुडगा वाजवत होते.