मणेरणीची तपासणी

शहाजादीचे पाय चाळिशीतच म्हातारे झाले होते. डोक्यावर बांगड्यांची दुरडी, खांद्यावर माळा, आणि हुपरीहून निघून कागलच्या बाजूच्या वाड्यावस्त्या पालथ्या घालायच्या, हे तिचं लग्नाआधीपासूनचं काम. मणेराची लेक ती, म्हणजे बांगडीवाल्याची. बापाकडून तिला ना घर मिळालं ना शेत. मिळाला तो हात. बाईचा पंजा हातात घ्यायचा, दाबायचा, मुडपायचा, साबणाचं पाणी लावायचं आणि बांगडी अशी चढवायची की काचेलाही कळू नये आणि कातड्यालाही. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय मोठंसं? एकदा करून बघा म्हणजे कळेल.

नवरा दिलदार सरकारी नोकर होता. कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणाचं काम. लोक त्या काळी सरळ महारोग म्हणायचे आणि बाजूला थुंकायचे. दिलदारनं सायकलवरून गावोगाव जायचं, माणसाला उन्हात उभं करून अंगावर बधिर चट्टा आहे का बघायचं, सापडला तर वहीत नाव घालायचं आणि दर महिन्याला गोळ्या पोचवायच्या. गोळ्या वेळेत पोटात गेल्या तर बोटं वाचतात, नाहीतर वाकडी होऊन बसतात. गावात त्याला 'चट्टेवाला सायब' म्हणत. पुरुष सदरा काढून पुढं उभे राहायचे. बायका मात्र उंबऱ्याच्या आतून, पदराखालून दोन हात तेवढे बाहेर काढायच्या. झाली तपासणी. आणि का हो दाखवावी त्यांनी परक्या बाप्याला पाठ? दिलदार नाइलाजानं 'निरोगी' लिहायचा, आणि घरी जेवायला बसला की त्याला घास गोड लागायचा नाही. वहीत पुरुष अडतीस, बायका पाच. बायका तेवढ्या देवानं वेगळ्या मातीच्या केल्यात की काय?

पथकात एक बाई द्या म्हणून त्यानं वरच्या कचेरीला तीनदा लिहिलं. तीनदा एकच उत्तर आलं, की आपल्या भागात स्त्री-रुग्ण फारच कमी असल्यानं स्त्री-कर्मचाऱ्याची गरज दिसत नाही. आडात पोहराच सोडला नाही तर पाणी कुठून येणार, पण हे कचेरीत पंख्याखाली बसणाऱ्याला कोण समजावणार?

त्र्याहत्तर सालची नागपंचमी जवळ आली होती. वरच्या वाडीत चिमणाबाईच्या घरी शहाजादी बांगड्या भरायला बसली. चिमणाबाईची सून बाळाबाई तेव्हा बावीस वर्षांची. चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायचं काम घरबसल्या करायची, आणि तिच्या हाताला अशी सफाई की हुपरीचे कारखानदार नाजूक साखळी तिच्याकडेच धाडायचे. शहाजादीनं तिचा डावा हात धरला. हात जरा घट्ट होता, तिसऱ्या बांगडीला जोर लावला आणि बांगडी वाढली. बांगडी फुटली असं म्हणू नये, वाढली म्हणावं. काच करंगळीच्या मुळाशी घुसली, रक्ताची धार लागली, आणि बाळाबाई आपल्या भावाच्या लग्नाची गोष्ट सांगतच राहिली. शब्दसुद्धा अडखळला नाही.

आजवर हजारो हात शहाजादीनं मुडपले होते. दुखलं की बाई ओठ चावते, खांदा उचलते, निदान मणेरणीला एक शिवी तरी देते. तिनं करंगळी उलटी करून बघितली. टोकाला भाजल्याचे दोन डाग.

"ह्ये कवा भाजलं गं?"

"काय की. माझ्या ध्यानातच न्हाय," बाळाबाई म्हणाली.

सासूला हळद आणायला आत पिटाळून शहाजादीनं बाळाबाईचा पदर मागून सारला. खांद्याच्या फऱ्यावर तळहाताएवढा फिका चट्टा. डोळे मिटायला सांगून तिनं काचेचं टोक तिथं टेकवलं आणि कुठं टोचलं ते विचारलं. बाळाबाईला काही कळलं नाही, आणि काही कळलं नाही हेच मग तिला कळलं. चट्टेवाला सायब शहाजादीचा नवरा आहे हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. पोरीचं तोंड पांढरंफटक पडलं. सासूच्या कानावर गेलं तर त्याच दिवशी तिची रवानगी माहेरी, आणि दीड वर्षाचं लेकरू इकडंच राहणार. तिनं शहाजादीचं मनगट धरलं आणि एवढंच म्हणाली, "मावशी, कुनाला सांगू नगा."

शहाजादीनं नवऱ्याला सांगितलं, पण दुसऱ्या कुणाला नाही. दिलदार नियमाचा माणूस. म्हणाला, स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाव घालता येत नाही. मग जा आणि बघा, शहाजादी म्हणाली, ती पोर भिंतीत शिरेल पण तुम्हाला दिसायची नाही. दिलदार रात्रभर तळमळला आणि सकाळी त्यानं नाव घातलं. त्या महिन्यापासून गोळ्या दुरडीतून, बांगड्यांखालच्या गवतातून जाऊ लागल्या.

मग एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या दहा. शहाजादी माजघरात बसायची, हात धरायची, दाबायची, आणि जिथं कळ उठत नाही तिथं थांबायची. दोन वर्षांत वहीत बायका सव्वीस झाल्या. पण बाई पार पिचून गेली. पूर्वी एका घरात घटकाभर बसायची, आता अर्धा दिवस जायचा. चट्टा दाखवता दाखवता बायका नवऱ्याचा मार सांगायच्या, गेलेली लेकरं सांगायच्या, आणि तिला मध्येच उठता यायचं नाही. धंदा बसला. घरी आली की ती पाय गरम पाण्यात घालून भिंतीला टेकायची आणि भाकरी थापायची म्हटलं की डोळ्यांत पाणी यायचं. नोकरी नवऱ्याची, राबणूक दोघांची.

पंच्याहत्तर साली तपासणीला मोठे डॉक्टर आले. माणूस वाईट नव्हता, पण बायकांचा आकडा पाचपट बघून त्यांना वास आला, की दिलदारनं घरी बसून खोटी नावं भरलीत. शिवाय फाइलीत कुणा हितशत्रूचा अर्ज पडला होता, की हा इसम सरकारी फेरीत बायकोचा बांगड्यांचा धंदा चालवतो. डॉक्टर यादी घेऊन घरोघर फिरले. एकीनं तरी दार उघडावं? "आमाला काय न्हाय," असं आतून उत्तर आलं. बाळाबाई तर परसातून शेतात पळाली. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी एकवीस नावांवर रेघ ओढली. दिलदारला मेमो मिळाला, गोळ्या मोजून देण्याचा हुकूम निघाला, आणि सरकारी औषधाला शहाजादीनं हात लावायचा नाही असंही ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

जीप निघायच्या आधी शहाजादी पुढं झाली. जन्मात कुठल्या साहेबाशी ती बोलली नव्हती.

"सायब, त्या तुमास्नी दिसायच्या न्हाईत. मला दिसत्यात. मी नगं आसंन तर नगं, पर कुनीतरी बाई धाडा. एका पोरीचा हात जाईल वो."

डॉक्टरांनी तिचं शिक्षण विचारलं. चौथी, ती म्हणाली. त्यांनी मान हलवली, आणि जीप गेली.

पुढची दोन वर्षं शहाजादी नुसत्या बांगड्या घेऊन वाडीवर जायची. गोळ्या हव्यात तर बाळाबाईनं कोल्हापूरच्या दवाखान्यात जायला हवं होतं, पण तरण्या सुनेला एकटीला कोण सोडतंय? एकदा शहाजादीनं युक्ती काढली, की अंबाबाईच्या दर्शनाला नेते. तर चिमणाबाईच लुगडं बदलून पुढं तयार. तिघींनी दर्शन घेतलं, मिसळ खाल्ली आणि जशा गेल्या तशा परत आल्या. सगळ्या वाटेनं शहाजादीला हसावं की रडावं कळेना.

आणि मग ती दिवाळी आली. बाळाबाईच्या डाव्या हातात बांगडी साबणाशिवाय सरकन गेली. शेजारणी म्हणाल्या, किती मऊ गं हात. शहाजादीला तेवढं बोलणंही सोसेना. अंगठ्याच्या आतली गादी बसली होती, मांस झडलं होतं, म्हणून बांगडी सोपी गेली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं. बाळाबाईनं सासूला भाजल्याचं निमित्त सांगितलं आणि पैंजणाचं काम सोडलं. परतताना शहाजादी उसाच्या बांधावर बसली आणि दुरडी बाजूला ठेवून सरकारच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. ऐकायला ऊस तेवढा होता.

सत्त्याहत्तर साली पथकात बाई आली. दिलदारच्या अर्जांमुळं नव्हे, वरूनच कुठली तरी योजना आली म्हणून. आजऱ्याकडची मदिना, अकरावी पास, प्रशिक्षण घेतलेली चुणचुणीत पोरगी. शहाजादीला वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, दोन दिवस तिची आग आग झाली. पाय झिजवले कुणी आणि खुर्ची कुणाला! तिसऱ्या दिवशी तिनं दुरडी उचलली आणि मदिनाला घेऊन घर ना घर दाखवायला निघाली. जाता जाता शिकवलं ते एवढंच, की दुखतंय का असं विचारायचं नाही, बायका दुखलं तरी नाही म्हणतात, तू तोंडाकडं बघ.

मदिना पोरंबाळांची चौकशी करायला आलेली बाई म्हणून माजघरात गेली. बाळाबाईचं नाव पुन्हा वहीत चढलं, गोळ्या सुरू झाल्या. पण मदिनानं शहाजादीला बाजूला घेऊन सांगितलं, की डावी बोटं आता सरळ व्हायची नाहीत, आणि उजव्या कोपरापाशीही शीर जाड लागतेय. तो हात वाचला तर वाचला. दोन वर्षं गोळ्या खाऊ देत, मग कळेल.

एकोणऐंशीच्या नागपंचमीला शहाजादी चिमणाबाईच्या सोप्यात बसली. डाव्या हाताच्या बांगड्या आधी भरल्या, वाकडी बोटं पदराखाली झाकून. मग उजवा हात घेतला. दुरडीतून बाळाबाईच्या मापापेक्षा लहान बांगडी मुद्दाम काढली. साबण लावला नाही. चिमणाबाई ओरडली, अगं मणेरणी, पाणी तरी लाव. शहाजादीनं ऐकलं नाही. तिनं करंगळीचं हाड दाबलं, पंजा मुडपला आणि डोळे बाळाबाईच्या तोंडावर ठेवून जोर लावला.

"आई गं! मावशी, दुखतंय की!"

बांगडी वाढली. रक्ताचा एक थेंब आला. बाळाबाईनं हात झटकून छातीशी धरला, आणि मग शहाजादीकडं बघून तिच्याही ध्यानात आलं.

"लई दुखलं?" शहाजादीनं विचारलं.

"लई," बाळाबाई म्हणाली आणि रडायला लागली.

चिमणाबाई हळद घेऊन आली ती तोंड चालवतच. एवढी जुनी मणेरीण, म्हणाली, आणि पोरीला रडवलीस. हात बिघडला तुझा.

"व्हय बाई, म्हातारी झालो आता," शहाजादी म्हणाली, आणि तिनं मापाची बांगडी काढून साबणाचं पाणी मागितलं.