खांबच्या डोंगरामागचा धोंडा

डोलवीच्या कंपनीतून रात्रपाळी सुटली की घरी जाऊन पडायचं सोडून मी आणि माझा मित्र दगड शोधत फिरायचो. दगड म्हणजे दोन माणसांच्या उंचीचे मोठाले धोंडे. दोर न लावता, खाली जाड गादी टाकून त्यांवर चढायचं, एवढाच आमचा खेळ. मित्र रोह्याचा, माझ्याच पाळीत क्रेन चालवायचा. रस्त्याकडेचे धोंडे त्याला पसंत पडत नसत. "जिथं गाडी जाते तिथं काय चढायचं?" असं म्हणायचा आणि मला डोंगर तुडवायला लावायचा.

खांब गावच्या डोंगरामागं एक धोंडा त्याला मोबाइलच्या नकाशात दिसला होता. दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा करवंदीच्या जाळ्यांत वाट चुकून, हातपाय ओरबाडून परत आलो. मग त्याला कतारला नोकरी लागली. निघायच्या आधीच्या आठवड्यात म्हणाला, "एकदा जाऊ, मग कधी जमतंय!" रात्रपाळीनं माझे डोळे चुरचुरत होते, पण नाही म्हणवलं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी वालाच्या शेतात एक बाई शेंगा तोडत होती. माझ्या पाठीवरची गादी बघून तिनं विचारलं, "गाद्या विकायला आलाव काय?"

"नाय मावशी, धोंड्यावर चढायला चाललोय. पडलो तर लागू नये म्हणून गादी."

"पडायचं हाय तर चढताव कशाला?"

मित्र खो खो हसला. मला हसायचंही त्राण नव्हतं.

या वेळी आम्ही कोरड्या ओढ्यातून वर गेलो आणि धोंडा सापडला. काळा, खरखरीत, एका अंगानं पुढं झुकलेला. मित्र कितीतरी वेळ त्यावरून नुसता हात फिरवत राहिला. मी गादी अंथरली, त्याला सावरायला खाली उभा राहिलो. वरच्या कडेला त्याची बोटं पोचली आणि हातातला कंगोरा तुटला. तो गादीच्या काठावर आदळला. पाय मुरगळला, बघता बघता घोटा सुजला.

"आता विमानाचं काय?" मी विचारलं.

"ते काय मला चालवायचंय?" तो दात आवळून म्हणाला.

उतरताना पाठीवर गादी आणि खांद्यावर त्याचा भार. थोडं चालायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. एकदा बसल्यावर वाटलं, आता उठणं होणार नाही. खाली त्या बाईनं आम्हाला लांबूनच पाहिलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन बांधापर्यंत आली. नवऱ्याला हाक मारली, त्यानं मित्राला मोटरसायकलवरून हायवेपर्यंत सोडलं.

घोट्याला पट्टा बांधून, लंगडतच तो कतारला गेला. तिकडे डोंगर नाही, सगळं सपाट. फोनवर पहिलं विचारायचा, "चढलास काय?"

पुढच्या हिवाळ्यात मी एकटा गेलो. अर्ध्यापर्यंत चढलो. वर हात लांबवायची हिंमत झाली नाही. खाली सावरायला कुणी नव्हतं. तसाच उतरलो आणि धोंड्याला टेकून बसलो. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा सांगितलं, "एकटाच गेलेलो. नाय चढलो." तो म्हणाला, "बरं झालं."