तोंड गेलेला टाक

कंपनीच्या कामासाठी आम्ही नवरा-बायको परभणीकडून शिक्रापूरला आलो, तेव्हा लांबची माणसं म्हणून दोन ठिकाणी खोली नाकारली. तिसऱ्या घरच्या मावशींनी आधी जेवायला वाढलं, मग किल्ली दिली. तेव्हापासून मला एकच धास्ती. आपल्या हातून काही चुकायचं आन् ही खोली जायची.

त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर मावशींचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. घट बसायच्या आदल्या सकाळी त्यांनी देव्हाऱ्यातले टाक ताटात घालून माझ्यापुढं ठेवले. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेले घरचे देव, तळहाताहून लहान, तेला-कुंकवानं काळेठिक्कर पडलेले.

"रांगोळीनं घासू नगंस, चरे पडत्यात. दंतमंजन घे. मी मळ्यातनं येते."

शाळा मी सहावीतच सोडलेली, पण घासण्या-पुसण्यात कुणाला हार जायची नाही. टाक रिठ्याच्या पाण्यात बुडवले, धोतराच्या जुन्या चिंधीला पांढरं दंतमंजन लावलं आन् अंगणात बसले. काळं पाणी सुटलं, खालनं देवी अशी उजळून आली की मी एकटीच हसले. मग घोड्यावरचा खंडोबा घेतला. तो आमचाही कुलदेव, म्हणून जरा जास्तच रगडला. विसळून बघते तर घोडा लख्ख, तलवार लख्ख, आन् देवाला तोंडच नाही! नाक, डोळे, मिशा, सगळं सपाट.

खरं सांगते, नाक सापडतंय का म्हणून मी चिंधी झटकून बघितली. मग मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. गादी, स्टोव्ह, दोन पातेली.

मावशी फाटकातनं आत येताच सांगून टाकलं, "मावशी, खंडोबाचं तोंड घालवलं मी. खोली सोडू का?"

त्यांनी टाक डाव्या हातात घेऊन उन्हात धरला. "कुत्रं कुठंय?"

"आं?"

"खंडोबाच्या घोड्याखाली कुत्रं असतंय. संगं म्हाळसा असती. ये बया, ह्ये आमचं आजेसासरं! गेलेल्या वाडवडलांचाबी असा घोड्यावरचा टाक करून देवात ठेवत्यात."

"पण तोंड?"

"निम्मं सासूबाईंनी घालवलं, ऱ्हायलेलं मी. लई तापट व्हते म्हणं. सुनांनी घासून घासून गप केलं." मावशींना हसू आवरेना, प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून त्या पायरीवरच बसल्या. "आन् खोली सोडायची म्हणती! अजून पाच टाक काळे हायत, त्ये कोण घासणार? तुझा नवरा?"

मी खरा खंडोबा उचलला. चिंधी ठेवून दिली आन् नुसत्या बोटानं, हळूहळू, आधी कुत्र्याची शेपटी उजळली.