एका वेळी एकच प्रश्न

दिग्रसला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सुरू केलं नवऱ्याने. पण त्याला माणसांशी बोलायला आवडतं आणि मला यंत्रांशी, म्हणून तो पुसद-यवतमाळ करत सामान आणतो आणि दुकानात मी बसते. ही वाटणी उलटी झाली असं ओळखीचे सगळेच म्हणतात. खरं आहे, कारण दुकानात गिऱ्हाईक येतं आणि गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं.

आमच्याकडे माणूस कामाचं सर्वांत शेवटी बोलतो. बंद पडलेला कीबोर्ड पिशवीत घालून आणलेला असतो, पिशवी पायाशी ठेवलेली असते, ती मला दिसत असते आणि मला दिसते आहे हे त्यालाही माहीत असतं. तरी आधी चहाचं विचारायचं, मग पावसाचं. मग कापूस काय भावाने गेला, माझ्या माहेरी मारेगावकडे बोंडअळी कितपत आहे, कोणाची मुलगी कुठे दिली. हे सगळं झाल्यावर तो उठतो, पायरी उतरतो, आणि तिथून वळून म्हणतो, "अन् ताई, हे जरा पाहून ठेवजा." मला या प्रकाराचा भयंकर वैताग यायचा. मी सरळ म्हणायचे, आधी पिशवी उघडा. नवऱ्याचं म्हणणं होतं की मी गिऱ्हाईक तोडते.

म्हणून मोबाइलवरचा तो ग्रुप मला मनापासून आवडला. महाराष्ट्रभरचे दुरुस्ती करणारे त्यात होते, आणि लहान गावांत झेरॉक्स-ऑनलाइनची दुकानं चालवणारेही. एकमेकांना अडलेलं विचारायचं. ग्रुप चालवणारे गृहस्थ पुण्याकडचे होते. त्यांनी नियम घालून दिले होते आणि ते स्वतः पहारा द्यायचे. नमस्कार-चमत्कार नको. यंत्राचं मॉडेल, बिघाड काय, तुम्ही काय करून पाहिलं, एवढंच लिहा. एका वेळी एकच प्रश्न. कोणाला खाजगीत फोन करायचा नाही. विषयाबाहेरचं काही लिहिलं की मेसेज काढला जाईल. पुन्हा लिहिलं तर माणूस आठवडाभर बाहेर.

नियम उगाच आलेले नव्हते. सुरुवातीला तिथे लग्नाच्या पत्रिका येत, म्हशी विकायला येत, निवडणुका आल्या की शिवीगाळ व्हायची. एकाने हार्ड डिस्कचा प्रश्न विचारता विचारता मुलाच्या मुंजीचा मुहूर्त विचारला होता आणि त्यावर दिवसभर उत्तरं आली, हार्ड डिस्क राहिली बाजूला. नियम लागले आणि ग्रुप कामाचा झाला. मी नियमांच्या बाजूची होते. एका भल्या माणसाने नियम मोडून मला प्रिंटरसाठी फोन केला, तेव्हा मी त्याला काहीही न सांगता ठेवून दिला आणि त्याचा नंबर बंद करून टाकला.

तिथे सगळे एकमेकांना सर म्हणत. मीही सर होते. मी बाई आहे हे मी कधी सांगितलं नाही. कोणी विचारलं नव्हतं, आणि तेही विषयाबाहेरचंच झालं असतं.

ती वर्षं कापसाची वाईट होती. जिनिंगचे भोंगे दिवाळीनंतरही नीट वाजत नव्हते. गावात कोणी नवं काही घेत नव्हतं, जुनंच दुरुस्त करून रेटत होते, म्हणून माझं दुकान चालत होतं. हे घडलं त्या वर्षी तर पराटी, म्हणजे कापसाची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेली होती. अळी आवरत नव्हती, म्हणून लोक दोन-तीन औषधं एकत्र करून फवारत, आणि उंच झाडांवर मारलेला फवारा परत तोंडावर येई. दुकानात पिशवी पायाशी ठेवून जे बोलणं चालायचं, त्यात आता पावसाची जागा फवारणीने घेतली होती. कोणाला चक्कर आली, कोणाला यवतमाळला नेलं. एका म्हाताऱ्याने त्याच्या जावयाचं सांगितलं होतं, की पडायच्या आधी भर दुपारी तो म्हणत होता, दिवा लावा, अंधारून राह्यलं. मी माउस उघडून बसले होते. ऐकत होते की नाही, मलाही सांगता आलं नसतं.

पोळा होऊन गेला होता. एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर मी ग्रुप उघडला. सकाळपासून एकच प्रश्न चालला होता. एका झेरॉक्सवाल्याने लिहिलं होतं, मॉनिटर धूसर दिसतो, अक्षरं दोन-दोन दिसतात, केबल बदलली, फरक नाही. हा माणूस मला लिहिण्यावरून माहीत होता. नेहमी नेटकं लिहायचा, काना-मात्रा जागेवर. त्या दिवशी ओळीओळीत चुका होत्या. लोकांनी उत्तरं दिली होती. रिझोल्यूशन बघा, ड्रायव्हर पुन्हा टाका, पिन वाकली असेल. त्याने सगळं केलं होतं. शेजारच्या दुकानातून दुसरा मॉनिटर आणून लावला होता, तोही तसाच दिसत होता.

मध्येच त्याने आणखी एक विचारलं होतं. दुकानात उजेडही कमी वाटून राह्यला, ट्यूबलाइट मिणमिण दिसते, व्होल्टेज कमी असेल तर असं होते का?

ग्रुप चालवणाऱ्यांनी लगेच लिहिलं होतं, "सर, एका वेळी एकच प्रश्न. विजेचं इथे नको." त्याने "माफ करा सर" लिहिलं आणि पुन्हा मॉनिटरवर आला. मग कोणीतरी म्हणालं, फोटो टाका. त्याने टाकला. फोटोतला पडदा स्वच्छ होता, बारीक अक्षरसुद्धा वाचता येत होतं. त्यावर हसणारे चेहरे आले. एकाने लिहिलं, सर, चष्मा लावा. ग्रुप चालवणाऱ्यांनी लिहिलं, "मॉनिटरमध्ये दोष नाही. प्रश्न बंद."

मी हे एका दमात वाचलं म्हणून मला ते एकत्र दिसलं. 'कमी वाटून राह्यला' असं आमच्याच भागातला माणूस लिहितो. दिवस फवारणीचे होते. दोन मॉनिटर धूसर, दिवसाउजेडी उजेड कमी, लिहिण्यात चुका. मी लिहिलं, "या दोन-तीन दिवसांत फवारणी केली का? घाम, मळमळ, तोंडाला पाणी सुटणं, असं काही आहे का?"

मेसेज काढला गेला. खाली सूचना आली, "सर, विषयाला धरून. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी पुन्हा लिहिलं, अधिक कडक भाषेत, आणि त्या भाषेचा मला आजही पस्तावा नाही. पुढच्या क्षणी मी ग्रुपच्या बाहेर होते.

बाहेर काढलं तरी जुने मेसेज आणि त्यांचे नंबर मोबाइलमध्ये राहतात. मी फोन लावला.

"कोन?"

"कॉम्प्युटरच्या ग्रुपातून बोलून राह्यली, दिग्रसवरून. मॉनिटरचं तुमीच विचारलं न?"

"हो. पर त्यात बाई कुठी हाय?"

"हाय एक. फवारणी केली का तुमी?"

"केली न. काल अन् परवा. आमचं फुलसावंगीले वावर हाय, भाऊ पाह्यते. मजूर भेटून नाई राह्यले, म्हणून दुकान बंद ठेवून गेलतो. पंप गळत होता, पाठ पुरी भिजली. काहून?"

मी विचारलं, उलटी झाली का. म्हणाला, सकाळपासून दोनदा झाली, पण त्याला वाटलं उन्हाने असेल. मी सांगितलं की मॉनिटर ठणठणीत आहे, औषध अंगात गेलं आहे, आत्ता उठा, साबणाने अंग धुवा, कपडे बदला आणि औषधाचा डबा घेऊन दवाखाना गाठा.

"जातो न ताई. दोघं उभे हाय झेरॉक्सले, त्यायचं करून देतो अन् जातो."

माझा पारा चढला. "झेरॉक्स गेली खड्ड्यात! तुले समजून राह्यलं का मी काय म्हणतो ते?" मी एकेरीवर आले होते आणि पुरुषासारखी बोलत होते. गल्लीतली माणसं वळून बघू लागली.

"बरं बाप्पा, निंगतो," तो म्हणाला. "ठेवतो मंग." पण त्याने ठेवला नाही. "अन् ताई, एक विचारू?"

तेव्हा मला कळलं की ज्याच्यासाठी तो फोनवर थांबला होता, ते आता येणार आहे.

"भाऊ बी संगच होता माह्या. तो आज बी फवारून राह्यला. आता फोन केला तं म्हणे, डोस्कं जड झालं, झाडाखाली झोपतो. त्याले झोपू देऊ का उठवू?"

"उठवा. पण तुमी नोका जाऊ. कोनाले तरी पाठवा गाडीवर. तुमी पयले दवाखान्यात. ऐकलं का?"

"हो ताई," तो म्हणाला, आणि आता खरंच ठेवला.

संध्याकाळी मी पुन्हा फोन केला. बाईने उचलला, त्याची बायको असावी. कोण म्हणून विचारलं. अनोळखी बाई नवऱ्याला का फोन करते, हे तिला मी कसं सांगणार? मी म्हणाले, मॉनिटरच्या कामाचं होतं. ती म्हणाली, "ते दवाखान्यात हाय, दीर बी हाय. मॉनिटरचं मंग पाहू," आणि फोन बंद झाला. मी पुन्हा लावला आणि खरं ते सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि तोवर जे झालं ते सांगितलं.

त्याने कोणालाच पाठवलं नव्हतं. दुकानाचं शटर ओढून तो स्वतः वावरात गेला होता. भावाला मोटारसायकलवर मागे बसवून आणलं. गावाशी येईतो भाऊ शुद्धीत नव्हता, त्याला लोकांनी जीपमध्ये घातलं. हा मात्र यवतमाळच्या दवाखान्यात आपल्या पायांनी चालत गेला, डॉक्टरांच्या हातात डबा दिला, भावाचं नाव-वय सांगितलं. दोघांना भरती करून घेतलं. पुढचं तिनेच नंतर फोनवर कळवलं. भाऊ दोन दिवसांनी डोळे उघडून बोलू लागला. हा तोवर बरा वाटत होता, बायकोशी बोलत होता, आणि मग त्याला श्वास घेता येईना. तो वाचला नाही.

आठवडा झाल्यावर ग्रुप चालवणाऱ्यांनी मला नियमाप्रमाणे परत घेतलं. मी त्यांना फोन केला. माझा आवाज ऐकून ते गोंधळले. मी सगळं सांगितलं, कोणताही दोष न देता, कारण मला तो तेव्हाही द्यायचा नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, "व्होल्टेजचं मी थांबवलं नसतं तर सकाळीच कोणाच्या लक्षात आलं असतं का?" मला माहीत नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. नियम काढून टाकू का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हणाले, नका काढू, पुन्हा म्हशी येतील.

दिवाळीनंतर एक सडपातळ माणूस दुकानात आला. बसा म्हटलं तर बसला नाही. चहा नको म्हणाला. पावसाचं नाही, कापसाच्या दराचं नाही. काउंटरवर एक मोबाइल ठेवून म्हणाला, "माह्या भावाचा हाय. त्यात शेवटचा फोन तुमचा हाय. तो काय बोलला, ते मले सांगा."

मी सांगितलं. जसंच्या तसं, झेरॉक्ससकट, माझ्या ओरडण्यासकट.

"तुमी त्याले पयले दवाखान्यात जाय म्हटलं होतं?"

"हो."

"म्हंजे त्याले मालूम होतं. अंगात औषध गेलं हे मालूम असून आला तो."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? त्या मेलेल्या माणसाचा मला राग येत होता. सांगितलेली एक साधी गोष्ट त्याने ऐकली नाही, आणि म्हणूनच हा माझ्यासमोर जिवंत उभा होता, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं असल्यामुळे मला रागही धड येत नव्हता.

दुकानात आणखी दोघं-तिघं होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून, आवाज देत आला," तो म्हणाला. "मी झाडाखाली पडून होतो, जाग आली. तो चालता चालता दोनदा पडला. पुन्हा उठला तं भलत्याच दिशेनं निंगाला, मले हाका मारत. त्याले मी दिसतच नव्हतो. मले वाटलं, दिवसाढवळ्या पिऊन आला." त्याने मोबाइल उचलून खिशात ठेवला. "मी हासलो, ताई. मी त्याले आवाज नाई देल्ला. हासत पाहून राह्यलो."

तो रडला नाही. मी रडले, काउंटरमागे उभी राहून, गिऱ्हाइकांसमोर.