पूर्णगडचा किडा मोठा

आमच्या पूर्णगडच्या बाजारात आवडाबाईकडे मासे घ्यायला गेलात तर तिच्या अंगठ्यावर लक्ष ठेवा. गिऱ्हाईक कल्ला उघडून ताजेपणा बघणार, हे तिला ठाऊक असतं. म्हणून हलवा मासा हातात घेतानाच ती अंगठा त्याच्या तोंडात फिरवते आणि जिभेवर बसलेला पांढरा किडा मांजरीकडे उडवते. मग कल्ला वर करून आतला लालभडक रंग दाखवते. मी तिचं जुनं गिऱ्हाईक. तो अंगठा मला दिसतो, हे तिलाही माहीत आहे. पण विचारलं की उत्तर एकच, "किडं बुरोंडीच्या हलव्यात. आमच्याकडं नाय."

अशा बाईकडे रुचिरा किडे मागायला आली. बुरोंडीच्या, म्हणजे वर उत्तरेकडच्या बंदरातल्या मच्छीमाराची मुलगी, रत्नागिरीत राहून संशोधन करणारी. हा एकाच जातीचा किडा बंदराबंदराला दिसायला वेगळा असतो का, आणि आतून, म्हणजे जनुकांनीही वेगळा असतो का, हा तिचा विषय. आवडाबाईने तिला हात हलवत परत पाठवलं. किडे पुरवले ते आवडाबाईच्याच मुलाने, होडीवर जाणाऱ्या दीपेशने, स्पिरिटच्या बाटल्या भरभरून. लोक फुलं देतात. आमच्याकडे किड्यांवर जमलं.

लग्नाचा विषय निघाला तेव्हा आवडाबाईने घर डोक्यावर घेतलं. "बुरोंडीची पोर? नुसती काटकी हाय. टोपली उचलायची नाय ती. तिकडचं रगातच वेगळं!" दीपेशने आदळआपट केली नाही, फक्त आईशी बोलणं टाकलं. एकुलता एक मुलगा. बाई सकाळभर गिऱ्हाइकांवर खेकसायची. मला तिचा राग यायचा आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटायचं.

परवा रुचिरा थेट बाजारात आली आणि तिने मोबाईल पुढे केला. फोटोत दोन किडे शेजारी शेजारी, एक चांगला टपोरा, दुसरा त्याच्या निम्मा.

"मावशी, एक पूर्णगडचा आहे, एक बुरोंडीचा."

"आमचा कुठचा?"

"मोठा."

झालं! जन्मभर नाकारलेला किडा एका क्षणात गावाचा मानकरी झाला. "जने, बघ गो, आमचा केवढा!" तिने शेजारी मासे विकणाऱ्या जनीच्या नाकापुढे मोबाईल धरला.

"पण मावशी, मी जनुकं तपासली," रुचिरा म्हणाली. "दोघांचं रक्त एकच आहे. तुमच्याकडे हलवा मोठा मिळतो, म्हणून त्याच्या तोंडातला किडाही मोठा होतो. आमच्या जाळ्यात लहान हलवे येतात. एवढाच फरक."

आवडाबाईने मोबाईल रुचिराच्या हातात परत दिला. जनीला गप्प बसणं कधीच जमलं नाही. "आवडे, तू हर्णैवरनं लगीन होऊन आलीस तवा कशी होतीस गो? सासू तुला हाडकी म्हनायची. आनि आता बघ केवढी झालीस!"

हर्णै बुरोंडीच्या शेजारी. आवडाबाईचं माहेर कुठलं ते सगळ्या गावाला माहीत होतं, तिच्या तोंडावर बोलायची छाती कुणाची नव्हती. मी आपला पिशवीत तोंड घालून उभा राहिलो.

तिने टोपलीतला सगळ्यात मोठा हलवा उचलला. सवयीने अंगठा माशाच्या तोंडाकडे गेला आणि तिथेच थांबला. मग गिऱ्हाइकांच्या देखत तिने हलव्याचा जबडा उघडून रुचिरापुढे धरला. आत किडा ऐटीत बसलेला होता.

"घे. आमचाच हाय," ती म्हणाली. "आनि तू पन उद्यापासून आमच्याकडं जेवायला ये. बघू किती मोठी होतेस ती."