जवळा पोर नव्हे

अंगणात वाळत घातलेल्या जवळ्यातला एक नातीने तळहातावर घेतला आणि त्यावर भिंग धरलं. ती कॉलेजात मासळीचंच शिकते. नखाएवढा जीव, पण भिंगाखाली डोळे, पाय, सगळं पुरतं दिसलं.

“आजोबा, ही कोळंबीची पिल्लं नाहीत. हा वाढलेला जवळाच आहे. शास्त्रात याचं कूळच निराळं मांडलंय.” पुढे तिने त्याचं लांबलचक नाव सांगितलं, ते काही माझ्या जिभेवर बसलं नाही.

शेजारचा धोंडू जन्मभर मला टोचत आला, “कोळंबीची पोरं जाळ्यात ओढतोस, मग मोठी कोळंबी मिळणार कुठून?” मी “समुद्र तुझ्या बापाचा काय रे?” म्हणून भांडायचो. पण जेवताना जवळ्याची वाटी बाजूला सारायचो.

लहान दिसलं की आपण त्याला पोर ठरवून मोकळे होतो. मी स्वतः बुटका. माझ्याच लग्नात भटजींनी मला विचारलं होतं, “बाळ, नवरदेव कुठाय?” मला तरी हे आधी सुचायला हवं होतं.

दुपारी सुनेने कांदा घालून जवळा केला. मी दोनदा मागून घेतला. मग वाटीभर झाकून धोंडूकडे नेला.

“खा,” म्हटलं, “कुणाची पोरं नाहीत ती.”