निळ्या कणांचं कालवण

डोक्यावरची पाटी उतरवली की मावशी दोन शिंपले हातात घेऊन एकमेकांवर आपटायच्या. आवाज टणक आला तर म्हणायच्या, "ह्यो बोलतोय." पोकळ आला तर तो मेलेला म्हणून बाजूला टाकायच्या.

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. प्रयोगशाळेत कापायला लागणारे शिंपले मावशी कृष्णेतून काढून आणून द्यायच्या आणि उरलेले बाजारात विकायच्या. एखाद्या विद्यार्थ्यानं शिंपला वेडावाकडा कापला की त्याच्या हातातली सुरीच काढून घ्यायच्या. "आवं सर, ह्यांना भाकरी तरी मोडता येती का?" मुलं हसायची, पण मावशींचा हात कसा चालतो ते नीट बघायची.

एकदा त्या न बोलावता आल्या. डब्यात उघडलेले चार शिंपले होते आणि मांसात निळे, तांबडे कण अडकलेले होते.

"ह्ये काय हाय?"

मी चिमट्यानं एक कण मेणबत्तीवर धरला. तो आकसला आणि ओळखीचा वास सुटला. प्लॅस्टिक. ओढ्याकाठी जुन्या पिशव्या धुऊन त्यांचा चुरा करणारी एक शेड नुकतीच सुरू झाली होती. तिथलं पाणी सरळ नदीत यायचं.

मी म्हटलं, नगरपालिकेला अर्ज लिहू. मावशींनी त्याच शिंपल्यांचं कालवण केलं आणि मला सोबत घेऊन शेडच्या मालकासमोर जाऊन बसल्या.

"खावा."

"मावशी, मी शाकाहारी आहे."

"मग नुसतं बघा." त्यांनी कालवण ढवळलं. तवंगावर निळे ठिपके तरंगून आले. "लोकं ह्ये पोरांना घालत्यात."

मालकांनी डब्यावर झाकण ठेवलं. पंधरा दिवसांत ओढ्यापाशी खड्डा खणला गेला, त्यावर बारीक जाळी बसली. शिंपल्यांतले ठिपके दिसेनासे झाले.

मी खूश होतो. मावशी मात्र भरली पाटी घेऊन आल्या. "तुमच्या त्या भिंगातनं बघू द्या." एक डोळा मिटता येईना, म्हणून त्यावर तळहात ठेवून त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. केसाहून बारीक निळे धागे अजून होते.

"खाल्ल्यावर काय हुतं?"

"ते मलाही माहीत नाही, मावशी."

"मग कुनाच्या ताटात घालू?"

त्यांनी अख्खी पाटी शेडच्या वरच्या अंगाला, स्वच्छ पाण्यात नेऊन रिकामी केली. पुढच्या आठवड्यापासून त्या हळदीच्या वखारीत कामाला जाऊ लागल्या. रस्त्यात भेटल्या की हात कोपरापर्यंत पिवळे. "पान्यातलं काम लय ग्वाड हुतं," एवढंच म्हणायच्या.

काही वर्षांनी मुलानं त्यांना मुंबईला नेलं. तिथून मला एक पुडकं आलं. आत मिठात घातलेल्या खाडीतल्या शिंपल्या आणि कुणाकडून तरी लिहून घेतलेली चिठ्ठी : "समिंदरातल्या हायत. बघून कळवा." मी बघितलं. त्यांतही तसेच बारीक धागे होते, ते कार्डावर लिहून कळवलं.

वर्षभरानं त्यांचा मुलगा कॉलेजात आला. आई गेली, म्हणाला. माझं कार्ड मिळाल्यावर ती रोज मासळीबाजारात जायची, कोळणींपैकी जिला वाचता येईल तिच्याकडून ते मोठ्यानं वाचून घ्यायची. बायका आधी चिडल्या, मग थांबून ऐकायला लागल्या.

त्यानं खिशातून ते कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कडा झिजून मऊ झाल्या होत्या, शाई दोन ठिकाणी फुटली होती, आणि त्याला मासळीचा दाट वास येत होता.